घड्याळजींचा नळ

दुपारी बाराला पाच कमी असताना घड्याळजींनी स्वयंपाकघरातला नळ उघडला, आणि पाणी दोन धारांनी आलं. एक धार मुकाट्यानं सिंकमध्ये पडली. दुसरी तिरपी निघाली ती थेट घड्याळजींच्या पोटावर. गेले आठ दिवस रोज हेच चाललं होतं. रोज घड्याळजी ओला बनियन बदलत आणि नळाकडे बघून एकच शब्द बोलत, "बघतो."

हा शब्द त्यांच्या तोंडात बेचाळीस वर्षं मुरलेला होता. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं बंद पडलेलं घड्याळ काउंटरवर ठेवलं, की ते डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे, "बघतो." आणि बघायचे. सांगितलेल्या दिवशी घड्याळ चालू होऊन तयार. दुकानात तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. तोच शब्द घरी आला की त्याचा अर्थ एवढाच उरायचा, की विषय संपला, आता मला पेपर वाचू द्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते हेच. फक्त आजचा पाषाण पोटापाशी चांगलाच भिजला होता.

गेल्या साली नजर थोडी मंदावली म्हणून त्यांनी दुकान सोडलं, हत्यारांची गुंडाळी घरी आणली आणि आरामखुर्ची धरली. सहा आठवड्यांपूर्वी बायकोच्या थोरल्या बहिणीचा पाय मोडला आणि बायको तिच्या मदतीला गेली. तेव्हापासून घरात घड्याळजी एकटे. घर आपोआप चालत नाही, हा शोध त्यांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लागला. पाण्याचा जग आपणहून भरत नव्हता. घासलेली ताटली फळीवर चढून बसत नव्हती. धुतलेला टॉवेल दोरीवरून उतरून घडी होऊन येत नव्हता.

त्यात परवा मंगळवारी फोन झाला. "गुरुवारी येतेय," बायको म्हणाली. "चार चाळीसची बस स्टँडवर लागेल. सव्वापाचपर्यंत घरी."

"काही करून ठेवू का?" घड्याळजींनी विचारलं.

"नको, काही नको. तुम्ही वेळेवर जेवा म्हणजे झालं."

हे 'काही नको' घड्याळजींच्या घशाखाली उतरेना. तिचा आवाज रागाचा असता तर त्यांनी समजूत काढली असती. पण तो साधा होता. रस्त्यावरच्या अनोळखी माणसानं 'पिशवी धरू का?' म्हणून विचारलं, तर आपण 'नको' म्हणतो तसा. मग त्यांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी हा नळ गळायचा. 'अहो, एवढा नळ बघा ना,' असं बायको येता-जाता सांगायची. दहादा सांगितलं, वीसदा सांगितलं, आणि मग एकदा तिनं सांगायचंच बंद केलं. तेव्हा घड्याळजींना हायसं वाटलं होतं. आता मात्र तिनं नळाबरोबर आपल्यालाही मोडीत काढलं की काय, या विचारानं त्यांना दोन रात्री नीट झोप लागली नव्हती. बायकोनं आपल्याला पुन्हा काहीतरी काम सांगावं, एवढीच त्यांची आता इच्छा होती. आणि त्यासाठी पहिलं राहिलेलं काम उरकायला हवं होतं.

त्यांनी भिंतीवर पाहिलं. खिडकीच्या वर, लग्नात भेट आलेलं किल्लीचं घड्याळ टकटकत होतं. मध्यंतरी ते रोज वीस मिनिटं मागं पडायचं. मग कधीतरी घड्याळजींनीच ते उघडून नीट केलं असणार. नक्की कधी, ते त्यांना आठवत नव्हतं, पण तेव्हापासून ते दर रविवारी किल्ली देताना बारकाईनं बघत आले होते, मिनिटाचाही फरक नव्हता. सवयीचे हात कामं करतात आणि डोक्याला पत्ताही लागू देत नाहीत, असं मानून ते स्वतःवर खूश होते. बाजारात त्यांच्यापासून चार दुकानं सोडून एका बॅटरीवाल्याचं दुकान होतं. सेल बदलायचा, पट्टे बदलायचा, मोबाईलची कव्हरं विकायचा, आणि पाटीवर लिहायचं 'सर्व प्रकारची घड्याळे दुरुस्त करून मिळतील'. त्याच्या बापाला तरी जमलं असतं का हे घड्याळ?

"पाच तास आहेत," घड्याळजी घड्याळाला म्हणाले. "नळ म्हणजे काय, एक मोठं घड्याळच."

सगळ्या अनर्थाचं मूळ या एका वाक्यात होतं.

घड्याळजींची काम करायची एक पद्धत होती. पांढरा रुमाल पसरायचा. काढलेला पहिला भाग एकच्या जागी ठेवायचा, दुसरा दोनच्या जागी, असं गोल बारापर्यंत. जोडताना बारापासून उलटं एकपर्यंत यायचं. बेचाळीस वर्षांत त्यांचा एक स्क्रू हरवला नव्हता. त्यांनी सिंकच्या कडेला ओट्यावर रुमाल अंथरला, त्याच्या सुरकुत्या काढल्या, शेजारी हत्यारांची गुंडाळी उलगडली आणि डोळ्याला भिंग लावलं. एवढ्यात बारा वाजून दहा मिनिटं झाली.

पाणी बंद करायचा कॉक सिंकखाली होता. तो हलेना. घड्याळजींनी सुईच्या टोकावर घड्याळाच्या तेलाचा एक थेंब घेऊन कॉकच्या मानेवर सोडला आणि पाच मिनिटं वाट पाहिली. मग जोर लावला. आत कुठंतरी कट् असा आवाज झाला आणि कॉक फिरायला लागला. गोल गोल, कितीही फिरवा, कुठं अडेच ना. "याला म्हणतात तेल," घड्याळजी म्हणाले. उठून त्यांनी नळ उघडून पाहिला. नळानं दोन थेंब टाकले आणि तो गप्प झाला. पाणी बंद झालं होतं.

पाणी बंद झालं होतं हे खरंच, पण ते घड्याळजींनी केलं नव्हतं. त्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी रोज दुपारी बारा ते तीन बंद असायचं. जिन्यात तशी पाटी होती. इमारतीतल्या झाडून सगळ्यांना ते ठाऊक होतं, मांजरांना सुद्धा ठाऊक असावं. घड्याळजींना तेवढं नव्हतं. बेचाळीस वर्षं ते त्या वेळी दुकानात असत आणि दुकान सोडल्यापासून जेवून झोपलेले असत. गावाला वेळ दाखवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातल्या पाण्याची वेळ माहीत नव्हती.

मग काम रंगलं. नळाची मूठ निघाली, ती एकच्या जागी गेली. मुठीतला स्क्रू दोनच्या जागी. तोंडाशी एक गोल जाळी होती, ती मात्र त्यांनी तशीच ठेवली. घड्याळाच्या काचेला आधी हात लावत नाहीत, बिघाड आत असतो, हे त्यांचं तत्त्व होतं. आतला फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, काढताना पक्कड निसटून मानेवर दोन ओरखडे उठले. तो बाहेर आल्यावर घड्याळजी चक्रावले. त्यांना झिजलेलं रबरी वॉशर अपेक्षित होतं. आत निघाल्या दोन पांढऱ्याशुभ्र, काचेसारख्या गुळगुळीत चकत्या. ना गंज, ना झीज.

"बघा," रिकाम्या स्वयंपाकघराला ते म्हणाले, "जुना माल तो जुना माल! पंचवीस वर्षं झाली, पण काल बसवल्यासारखा आहे. आता असं काही मिळत नाही."

त्या चकत्या त्यांनी भिंगाखाली धरल्या, सुती फडक्यानं पुसल्या, तेल लावलं, पुन्हा पुसल्या. बिघाड काही सापडेना. घाई हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता, त्यामुळे त्यांनी प्रत्येक भाग पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतला. तिसऱ्यांदा तपासत असताना भिंतीवरच्या घड्याळानं टोले द्यायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

मिनिटाचाही फरक नव्हता. तिसरा टोला विरायच्या आत नळाच्या उघड्या मानेतून पाणी सुटलं. आधी त्यानं घड्याळजींच्या डोळ्यावरचं भिंग उडवलं, मग छताला जाऊन ते तिथून सगळ्या स्वयंपाकघरावर सारखं बरसलं. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं ते तेवढं या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. ते खाली वाकले आणि कॉक फिरवला. फिरला. उलटा फिरवला. तसाही फिरला. वर रुमाल तरंगत सिंकमध्ये घसरला. सात भागांपैकी एक पांढरी चकती सिंकच्या भोकातून खाली गेली आणि तिच्या मागोमाग रुमालानं ते भोक बुजवलं. म्हणजे अडायचं ते गेलं आणि जायचं ते अडलं. सिंक भरून वाहायला लागलं.

घड्याळजींनी नळावर अंगठा दाबला. पाणी दुप्पट जोरानं तीन दिशांना उडालं. टॉवेल दाबला, टॉवेल उडाला. शेवटी हाताला लागली ती जाड कापडाची हत्यारांची गुंडाळी. तीच त्यांनी नळाच्या तोंडावर दाबली आणि तिच्यावर छातीचा सगळा भार टाकला. गुंडाळीत काहीतरी कडकड वाकलं. पाणी जरा आवरलं. पण आता हलायची सोय राहिली नाही. नळाला मिठी मारून घड्याळजी उभे राहिले, आणि तेवढ्यात दार वाजलं.

"अहो घड्याळजी! दार उघडा!" खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंचा आवाज होता. "माझ्या छतातून पाणी येतंय!"

"बघतो!" आतून घड्याळजी ओरडले. बेचाळीस वर्षांची सवय, दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

"बघताय काय? बंद करा! मुलांचे पेपर तपासत होते मी. चाळीस पेपर भिजले!"

"मला हलता येत नाहीये!"

मग बाईंचा सूर एकदम बदलला. "अग बाई! पडलात का? हाड मोडलं का? आधी तुमच्या मेहुणीचं, आता तुमचं!"

"मी ठीक आहे हो! नळ मोडलाय!"

"मग असं बोला ना! काळजाचं पाणी केलंत माझ्या. थांबा तसेच, टाकीचा कॉक बंद करते आणि प्लंबरला बोलावते." बाईंची पावलं जिना चढून वर गेली. जाता जाता त्या म्हणाल्या ते घड्याळजींना स्पष्ट ऐकू आलं, "वहिनी नाहीत तर सहा आठवड्यांत घराचं तळं केलं या माणसानं."

प्लंबर आला तेव्हा साडेतीन झाले होते. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात पिशवी. घोट्याएवढ्या पाण्यातून तो शांतपणे आत आला आणि नळापाशी वाकला. त्यानं विचारलं, "काका, कशासाठी उघडला हा?"

"गळायचा ना. तीन वर्षं."

"हा?"

"हाच. बायको सारखी सांगायची. माझ्याकडून राहून गेलं. आता म्हटलं, ती यायच्या आत करून टाकावं."

प्लंबरनं मानेवरच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. "काका, गळायचा तो नळ मी काढून नेला. हा नवा आहे. दीड वर्ष झालं, मीच बसवलाय."

"कुठं?"

"इथंच. याच भिंतीत. काकूंनी बोलावलं होतं."

"मी दुकानात असणार," घड्याळजी म्हणाले.

"रविवार होता. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला होतात, डोळ्याला भिंग लावून. मी तुमच्या समोरून आत गेलो, तासाभरानं समोरूनच बाहेर आलो. जाताना म्हटलं, येतो काका. तुम्ही मान वर केली नाहीत." तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, पण तसं म्हणाला असता तर घड्याळजींना बरं वाटलं असतं.

"पण पाणी दोन धारांनी येत होतं," ते कसंबसं म्हणाले. "माझ्या पोटावर यायचं."

प्लंबरनं दोन बोटांनी नळाच्या तोंडाची जाळी धरली, फिरवली आणि काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. ना पक्कड, ना पाना. जाळीच्या निम्म्या भोकांत पांढरे क्षार बसले होते. "आपल्याकडचं पाणी जड आहे. महिन्या-दीड महिन्यात हे साचतंच. वाटीत व्हिनेगर घ्यायचं, जाळी त्यात अर्धा तास बुडवायची, जुन्या ब्रशनं घासायची आणि हातानं परत लावायची. काकूंना मी दाखवून ठेवलंय. त्या दर महिन्याला करतात. तो बघा ब्रश."

खिडकीच्या गजापाशी एका रिकाम्या डबीत खरंच एक जुना ब्रश उभा होता. शेजारी व्हिनेगरची लहान बाटली. घड्याळजी सहा आठवडे रोज तिथंच उभं राहून ताटली धूत होते. बारीकात बारीक स्क्रू दिसावा म्हणून ज्या डोळ्यांनी जन्मभर भिंग लावलं, त्यांना हातभर अंतरावरचा ब्रश दिसला नव्हता.

"तुम्ही लावा ते आतलं," ते प्लंबरला म्हणाले. "जाळी मी करतो."

पिशवीतला नवा स्पिंडल आणि नवा कॉक बसवायला प्लंबरला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात घड्याळजींनी वाटीत व्हिनेगर ओतलं, जाळी बुडवली आणि अर्धा तास तिच्याकडे बघत बसले. मग एकेका भोकात ब्रशचा केस घालून घासलं. प्लंबर गेल्यावर ते गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागले. पुसताना ओट्याखाली, कपाटामागे, फळीच्या कडेला त्यांना अशा बऱ्याच गोष्टी दिसल्या, ज्या कुणीतरी कधीतरी नीट करून ठेवल्या होत्या. खडखडणाऱ्या खिडकीत पुठ्ठ्याची घडी घालून ती गप्प केलेली होती. फळीचा सैल खिळा दोऱ्यानं आवळलेला होता. यातलं आपल्याला काय काय सांगितलं गेलं असेल, याचा हिशोब त्यांनी मनात मांडून पाहिला आणि लाज वाटून अर्ध्यात सोडला.

खाली जाऊन त्यांनी शिकवणीच्या बाईंची माफी मागितली. बाईंनी दोरीवर चाळीस पेपर वाळत घातले होते. "एका दृष्टीनं बरंच झालं," त्या म्हणाल्या. "निम्म्यांची उत्तरं पुसली गेली. सगळ्यांना पास करते आता." घड्याळजींना हसता आलं नाही.

सव्वापाचला बायको आली. दमलेली होती. पिशवी खाली ठेवून ती हातपाय धुवायला न जाता सरळ स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा जग भरायला म्हणून नळ उघडला आणि थांबली. धार एकच होती, सरळ आणि गुबगुबीत.

"अहो," ती वळून म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे घड्याळजींनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "जाळी तुम्ही साफ केलीत? मी सगळ्या रस्ताभर तोच विचार करत होते, आता गेल्या गेल्या आधी जाळी काढायची. तुम्हाला कसं कळलं?"

इथं गप्प बसायची सोय होती. प्लंबर निघून गेला होता, फरशी कोरडी होती, आणि जाळी तर घड्याळजींनीच साफ केली होती, एका अक्षराचंही खोटं त्यात नव्हतं. पण त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. कॉक, टोले, चकती, चाळीस पेपर, प्लंबर. सांगून झाल्यावर ते स्टुलावर बसले.

बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं, किंवा चिडेल. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. "कळलं कसं नाही तुम्हाला, मूठ सुद्धा वेगळी आहे की हो," एवढंच म्हणाली.

"तू नळ बदललास, आणि मला साधं सांगितलंही नाहीस?"

"सांगितलं होतं की."

"कधी?"

"बसवला त्याच संध्याकाळी. म्हटलं, नळ नवा बसवलाय, बघा."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, बघतो."

भिंतीवरचं घड्याळ टकटकत राहिलं. घड्याळजी जमिनीकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं. पण तू सांगायचं थांबवू नकोस. काहीतरी काम सांग मला. काहीही सांग."

"आत्ता काय सांगू? असं अचानक..." ती बोलता बोलता थांबली. मग तिनं मनगटावरचं घड्याळ सोडलं. छोटं, किल्लीचं, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला घड्याळजींनीच दिलेलं. "हे बंद पडलंय. गेल्यावर तिसऱ्याच दिवशी. ताई म्हणाली, खाली दुकान आहे, टाक तिथं. म्हटलं नको. घरी गेल्यावर यांना देईन."

बंद पडलेलं घड्याळ तिनं सहा आठवडे हातात घातलं होतं. घड्याळजी ताडकन उठले, आतून हत्यारांची गुंडाळी आणली आणि उलगडली. तिच्यातून अर्धा पेला पाणी ओट्यावर सांडलं. पाचही स्क्रूड्रायव्हरांची टोकं वाकलेली होती. चिमट्याचे दोन पाय दोन दिशांना गेले होते. भिंगाला कडेकडेनं तडा होता. यातलं एकही हत्यार आज चालण्यासारखं नव्हतं, आणि दुसरी हत्यारं घरात नव्हती.

"उद्या..." ते म्हणाले. "उद्या बघ..."

पुढचं अक्षर त्यांनी गिळलं. पण बायकोनं ते ऐकलं होतं. तीन वर्षांत तिला ते न म्हणताही ऐकू यायला लागलं होतं.

"असू दे," ती म्हणाली. "घाई नाही काही." आणि ती घड्याळ परत मनगटावर बांधायला लागली.

आयुष्यात पहिल्यांदा घड्याळजींनी तिच्या हातून घड्याळ जवळजवळ हिसकावून घेतलं. चपला उलट्यासुलट्या घातल्या. "चहा ठेव," दारातून ते म्हणाले, "अर्ध्या तासात आलो."

बाजारातल्या त्यांच्या जुन्या दुकानात आता कुणी चपला विकत होतं. तिथं न थांबता ते पुढं गेले, आणि चार दुकानं सोडून ज्या दुकानासमोरून ते आजवर कधी सावकाश चालले नव्हते, त्याच्या पायरीवर चढले. बॅटरीवाला, चाळिशी उलटलेला, केसांना कलप लावणारा माणूस, खुर्चीवरून उठूनच उभा राहिला.

"काका! तुम्ही? इकडं?"

घड्याळजींनी घड्याळ काउंटरवर ठेवलं. पूर्वी लोक त्यांच्यासमोर ठेवत तसंच. "बायकोचं आहे. बंद पडलंय."

"ठेवून जा ना. मी बघतो."

"नको!" घड्याळजी इतक्या जोरात म्हणाले, की कव्हर निवडणारं एक गिऱ्हाईक दचकलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "बघायचं नाहीये. आत्ताच्या आत्ता करायचंय, आणि मलाच करायचंय. माझी हत्यारं मोडली. तुमची द्याल का अर्धा तास?"

बॅटरीवाल्यानं काही न विचारता खुर्ची सोडली, दिवा खाली ओढला आणि स्वतःची हत्यारं पुढं सरकवली. हत्यारं स्वच्छ होती, एका ओळीत लावलेली. काउंटरवर पांढरा रुमालही होता. घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं. चक्रात एक बारीक केस अडकला होता, एवढंच. पण त्यांनी सगळं खोललं, पुसलं, तेल दिलं, एकपासून आठपर्यंत मांडलं आणि आठपासून एकपर्यंत जोडलं. किल्ली दिल्यावर घड्याळ चालायला लागलं.

"हात अजून तसाच आहे हं काका," बॅटरीवाला मनापासून म्हणाला. "मी तुमचं काम दुरून बघत आलोय. तुमच्याकडचं घड्याळ माझ्या हाताखाली आलं तेव्हा काय घाम फुटला होता मला!"

"माझ्याकडचं?" डोळ्यावरचं भिंग न काढता घड्याळजींनी विचारलं.

"ते टोल्यांचं हो. स्वयंपाकघरातलं. दोन वर्षं झाली असतील. रोज वीस मिनिटं मागं पडतंय म्हणून काकू घेऊन आल्या होत्या. सोमवारी दिलं, शनिवारी नेलं. मी म्हटलंसुद्धा, काकू, चार दुकानांवर काका बसलेत, आणि माझ्याकडं कशाला? तर म्हणाल्या, त्यांच्याकडं गिऱ्हाइकांची गर्दी फार असते, माझा नंबर लागत नाही." तो थोडा घुटमळला. वर्गात उत्तर देऊन गुरुजींकडे बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "काका, ते... नीट चालतंय ना?"

घड्याळजींनी भिंग काढून रुमालावर ठेवलं, मान वर केली आणि त्या माणसाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मिनिटाचाही फरक नाही," ते म्हणाले.